विनातारण
बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर तारणाशिवाय विश्वास टाकायचा नाही, हे माणसाच्या अंगवळणी पडतं. जानेवारीत एल.टी.सी.वर आम्ही गुलमर्गला गेलो. उंची सुमारे २६५० मीटर! सोळाची कन्या नि चौदाचे चिरंजीव पायांत स्की बांधून उतारावर उभे राहिले, आणि मी मनात प्लास्टरचा खर्च मांडू लागलो.

"बाबा, तुम्हीपण या ना!"

शिकवणारा म्हणाला, "स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी होतो. आणि साहेब, भीती वाटली तरी मागे रेलू नका, पुढे झुका." मी अर्थातच मागे रेललो. स्की पुढे निघून गेल्या. मी बर्फावर शिल्लक उरलो. मुलं दहादा पडली नि आपली आपण उठली. मी एकदाच पडलो, पण उचलायला तिघं लागले.

रात्री कांगडी शेकताना वाटलं, आपण मुलांना "जपून रे" म्हणतो ते त्यांच्या हाडांसाठी, की आपल्या झोपेसाठी? काळजीचं खातं मुलांच्या नावावर. व्याज मात्र आपण खातो! मग काळजी करूच नये? करावी की. हेल्मेट घट्ट आहे ना, उतार झेपेल ना, एवढं पाहावं. पुढची घसरण त्यांची. ती आपण अडवली, तर मुलं पडणार नाहीत. पण उठायलाही शिकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी कन्या म्हणाली, "बाबा, वरच्या उतारावर जाऊ?"

"जा," म्हटलं. जन्मातलं पहिलं विनातारण कर्ज मंजूर केलं!

ती खाली पोचेपर्यंत मी मात्र, सपाट जमिनीवर, मागे रेलूनच उभा होतो.