पोथीला आवाज लागतो

अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’ उघडलं. एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग. ते पाहून आलेली आपली माणसं कौतुकानं सांगतात, “तिन्ही धर्मांचा मूळ ग्रंथ एकच, जुना करार!” भावना चांगली आहे, पण विधान चूक आहे. ज्या ज्यूंशी जवळीक सांगायची, त्यांचाच ग्रंथ त्यात हरवतो.

‘जुना करार’ हे ख्रिस्ती नाव. नवा मानला तरच आधीचा जुना ठरतो. ज्यू आपल्या ग्रंथसंग्रहाला तनाख म्हणतात: तोरा (मोशेची पाच पुस्तकं), संदेष्टे आणि इतर लेखन, मिळून २४ पुस्तकं. मजकूर बराचसा तोच असला तरी क्रम वेगळा, आणि क्रमानं अर्थ बदलतो. ख्रिस्ती मांडणी मलाखीपाशी थांबते आणि येणाऱ्याची वाट पाहते. तनाख संपतो तो इराणच्या सायरस राजानं जेरुसलेमला परतायची मोकळीक दिली तिथे. इस्लाम तोराला, म्हणजे त्याच्या भाषेत तौरातला, ईश्वरदत्त मानतो, पण मशिदीत तिचं पठण होत नाही. मग ग्रंथ एक कसा?

नावाइतकीच गफलत ज्यूंच्या वाचनाबद्दलही होते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी त्यांचं जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी थांबले, वाचन उरलं. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, सिद्ध झाली, पुढे तिच्यावरच्या चर्चेचा तालमूद. इथवर कुणी चुकत नाही. गफलत होते ती मोशे बेन मैमोन यांच्यापाशी. अबू धाबीतल्या सिनेगॉगला त्यांचंच नाव आहे. जन्म कोर्डोबाचा, कर्मभूमी इजिप्त, पेशानं वैद्य, मृत्यू १२०४. तत्त्वज्ञान त्यांनी अरबीत लिहिलं, तेव्हा अरबांच्या देशात हे नाव शोभतंच. ज्यू धर्मशास्त्र मात्र त्यांनी हिब्रूत, ‘मिश्ने तोरा’च्या १४ भागांत, लावून दिलं. कुणाचं मत कोणतं, ही नावं बहुतेक ठिकाणी गाळली. आधी तोरा वाचावी, मग हा ग्रंथ. मधे दुसऱ्या पुस्तकाची गरज नाही, असं प्रस्तावनेत म्हटलं. यावरून लोक ठरवतात की त्यांनी वाद मिटवला आणि ज्यू समाज पोथीला बांधला गेला.

मला हे साफ अमान्य आहे. बेन मैमोन हयात असतानाच प्रोव्हान्सच्या अब्राहम बेन दावीद यांनी खरमरीत आक्षेप लिहिले: आधार कुठला, मत कुणाचं, ते सांगितलेलंच नाही! समाजानं यातला एकही ग्रंथ टाकला नाही. आजही ‘मिश्ने तोरा’च्या छापील पानावर मूळ मजकुराशेजारी हे आक्षेप असतात. गाळलेले आधार शोधण्यात नंतरच्या भाष्यकारांच्या पिढ्या खपल्या. वाद मिटवायला लिहिलेल्या ग्रंथाचा मान त्याच्यावरच्या वादानं वाढला.

ग्रंथ असा बोलता राहतो, याचं मूळ सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळीतच आहे. चर्मपत्रावर हातानं लिहिलेल्या या मजकुरात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल: शब्द आधी माहीत असावा लागतो, तेव्हा तो वाचता येतो. म्हणून वाचणारा स्वर आणि चाल घरून पाठ करून येतो. अक्षराला बोट लावत नाही, दर्शक-काडीनं ओळ धरतो. चुकला, तर शेजारी उभा असलेला तिथल्या तिथे मोठ्यानं दुरुस्त करतो. वर्षाचं वाचन संपलं, की त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात. एकट्यानं, मुकाट्यानं ही पोथी पुरी होतच नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी हे जगून दाखवलं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. परंपरा सांगते, की त्याआधी कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता. शब्बाथ, सुंता आणि ओठांवरची ‘शमा’ प्रार्थना एवढंच होतं. ‘धर्म विसरलेले लोक’ असं त्यांच्याबद्दल लिहिलं जातं, ते अन्यायाचं आहे. पोथी गेली तरी आवाज त्यांनी जपला होता, म्हणूनच पोथी परत आली तेव्हा तिला घर मिळालं.

सादियातला जरूर जा. शेजारधर्म पाळायचा, तर शेजाऱ्याच्या ग्रंथाला त्यानं ठेवलेल्या नावानं हाक मारा. ते नाव तोरा आहे, तनाख आहे. जुना करार नाही.