ओटीपी पडावावर जातो

दिवाळी झाली की नवापूर तालुक्यातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दक्षिण गुजरातकडे निघतात. बारडोलीच्या बाजूच्या साखर कारखान्यांच्या फडांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि फडाजवळच्या पडावावर पाच-सहा महिन्यांचा संसार मांडला जातो. गावात मागे राहतात म्हातारी माणसे, लहान पोरे आणि कॉलेजात जाणारी एखादी मुलगी. नेमक्या याच दिवसांत तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म परत येतो. 'सेंड बॅक झाला' एवढेच तिला कळते. ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन ऑनलाइन कामाच्या दुकानात जाते. दुकानदार आधार क्रमांक टाकतो आणि म्हणतो, ओटीपी सांग. पण ओटीपी तिच्याकडे येतच नाही. ती शाळेत असताना आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी पडावावर जातो. वडील फडात असतात, फोन झोपडीत असतो आणि त्या आकड्यांची मुदत काही मिनिटांची असते. मागे रांग असते. मुलगी फाइल बंद करून बाहेर येते.

विद्यार्थ्यांसाठी सोयी नाहीत, असे कुणी म्हणू नये. सोयी आहेत आणि त्या लढून मिळालेल्या आहेत. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना 2016 पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. मन खचले तर 14416 या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा आहे.

पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दारात आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये, जातवैधता तपासणी समितीकडे, वसतिगृह आणि स्वयम् नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात, आणि विद्यापीठ थेट जळगावला. 1990 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आज कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. अक्षरओळख नसतानाही जिची वाणी लोकांच्या ओठी बसली, त्या बाईचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाकडून निरक्षर आईबापांच्या मुलांनी अधिक अपेक्षा ठेवली तर ती रास्तच आहे.

नवापूरला यात आणखी एक गुंता आहे. इथले रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेले आहे. गाडीत बसलेल्या मुलाला जळगावपेक्षा सुरत जवळ पडते, म्हणून काही जण तिकडे शिकायला जातात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती देण्याची जबाबदारी मूळ राज्याची असते, म्हणजे महाराष्ट्राची. पण सुरतच्या कॉलेजातल्या लिपिकाने महाराष्ट्राच्या पोर्टलची माहिती कशासाठी ठेवावी? आणि नवापूरच्या कॉलेजाने आपल्याकडे प्रवेशच न घेतलेल्या मुलाची विचारपूस का करावी? मुलगा मधल्या मध्ये राहतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. सगळे ऑनलाइन आहे, मुले सज्ञान आहेत, त्यांनी शोधावे, त्यातूनच ती शिकतील. मला हे उत्तर अन्यायाचे वाटते. शहरातला मुलगा तरी स्वतः शोधतो का? त्याचा मामा बँकेत असतो, थोरली बहीण त्याच कॉलेजातून गेलेली असते, वडिलांच्या ओळखीचे कुणीतरी तहसीलमध्ये असते. कुठल्या दारात जायचे हे त्याला जेवताना, बोलता बोलता कळते. ही वारसाने मिळालेली माहिती कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ती हुशारी समजली जाते. 2011च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती आणि राज्याची 82 टक्के. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच मुलगी आहे, तिथे तिला सांगणार कोण? शिवाय घरात मावची बोलणाऱ्या मुलीसाठी अर्जावरची मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते.

महाराष्ट्राला हे कधीच माहीत नव्हते असे नाही. 1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला छप्पर लागते आणि त्या छपराखाली एक जाणते माणूसही लागते, हे त्या पिढीला समजले होते. पुढे आपण त्या माणसाच्या जागी खाते क्रमांक ठेवला. 2018 मध्ये शासनाने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचे ठरवले, तेव्हा जुलैच्या पावसात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले. ती मुले पैसे नाकारत होती आणि ताट मागत होती. खात्यात पैसे कधी येतील याचा भरवसा नसतो आणि भूक रोज लागते, हे त्यांनी अनुभवातून सांगितले होते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. नवापूरसारख्या गावात हे पद केवळ कागदावर भरले जाऊ नये. तिथे मावची जाणणारे माणूस बसवा. मुलीच्या मनावरचे ओझे आणि तिचा अडकलेला फॉर्म या दोन गोष्टी तिच्या आयुष्यात वेगळ्या नसतात. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून खोलीचे भाडे थकते, भाडे थकले म्हणून ती वर्गात यायचे टाळते, आणि मग आपण तिच्या नावापुढे गैरहजर लिहितो.

मुलांना वाट दाखवण्याच्या या कामाचे वेळापत्रकही विद्यापीठाच्या परिपत्रकावरून ठरवून चालणार नाही, ते ऊसतोडीच्या हंगामावरून ठरवावे लागेल. पालक गावात असतात ते पावसाळ्यात. तेव्हाच पाड्यावर जाऊन आधारला मुलीचा स्वतःचा नंबर जोडून घेता येतो, उत्पन्नाचा दाखला काढता येतो, वैधतेसाठी आजोबांचे शाळेतले कागद शोधता येतात. हे काम जमणारी माणसेही गावातच आहेत: ज्यांचे फॉर्म मागच्या वर्षी मंजूर झाले, ते विद्यार्थी. 'कमवा आणि शिका'मध्ये त्यांना बागेत पाणी घालायला लावण्यापेक्षा हे काम द्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत.

प्राचार्यांना, संस्थाचालकांना माझी एवढीच विनंती आहे. ऊसतोडीच्या मुकादमाला तालुक्यातला प्रत्येक पाडा माहीत आहे. हंगामाच्या कितीतरी आधी तो दारात येतो, उचल देतो आणि कोयता ठरवून जातो. या वर्षी त्याच्या आधी कॉलेजचे माणूस त्या दारात जाऊ द्या.