दारूचा तास कोणी घ्यायचा?

अंधेरीत किंवा बोरिवलीत मोटार ट्रेनिंग स्कूल काढायचं तर काय काय लागतं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २४मध्ये लिहिलंय. फळा, वाहतूक चिन्हांचा तक्ता, गिअरबॉक्स, पंक्चरचं किट, जॅक, पाने, हातोडा, प्रथमोपचार पेटी. शिकवणारा दहावी पास हवा, ५ वर्षं गाडी चालवलेला हवा, मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला हवा. मला ही यादी आवडते. हातोडासुद्धा विसरलेले नाहीत.

२०१९च्या दुरुस्तीने या स्कूलकडे एक वेगळंच काम आलं. कायद्याच्या कलम १९प्रमाणे ज्याचं लायसन्स निलंबित झालंय त्याने रिफ्रेशर कोर्स करायचा. कुठे? परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, किंवा केंद्र सरकार जाहीर करेल अशा दुसऱ्या एखाद्या संस्थेत. आता लायसन्स वेगामुळे जातं, सिग्नल तोडल्याने जातं, आणि १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तरी जातं. या तिसऱ्या माणसाला गिअरबॉक्स दाखवून काय करणार?

त्याला गाडी येत नाही असं थोडंच आहे! उलट गोरेगाव ते बोरिवली हायवे आपण डोळे मिटून मारतो, अशी त्याची खात्री असते. गडबड होते ती बिल दिल्यानंतर आणि किल्ली खिशातून काढण्याआधी, ‘मी एकदम ओके आहे’ या वाक्यात. ते वाक्य क्लच समजावणाऱ्या माणसाला पकडता येईलच असं नाही. ज्याने ते स्वतः शंभरदा म्हटलंय, त्याला लगेच ऐकू येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. तिथले कितीतरी समुपदेशक एकेकाळी स्वतः व्यसनात होते. नियम २४च्या यादीत त्यांच्या न प्यायलेल्या वर्षांसाठी रकानाच नाही.

यावरचा आक्षेप मला मान्य आहे. दहावीची मार्कशीट दोन मिनिटांत तपासता येते, अनुभव नाही. ‘मी यातून गेलोय’ एवढ्या भांडवलावर बुवा होणारे आपल्याकडे कमी नाहीत. परवाना हवाच. पण जे तपासायला सोपं, तेच महत्त्वाचं मानायची सवय मी कोड लिहिताना रोज बघतो: मोबाइल नंबर १० आकडी आहे, पुढे चला, तो कोणाचा आहे हे कोणी विचारत नाही. ऑफिसातलं सक्तीचं ऑनलाइन ट्रेनिंगही तसंच. आवाज बंद, नेक्स्ट, नेक्स्ट, सर्टिफिकेट.

कॅलिफोर्नियात हे वर्ग वेगळे असतात आणि त्यांना परवाना आरोग्यसेवा विभाग देतो. पहिल्या गुन्ह्यालाही साधारण ३ महिने, ३० तास. तिथेही फी भरावी लागते, पण निदान दुखणं कुठे आहे याचा अंदाज बरोबर आहे.

मे २०२४मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोघांचा जीव गेला, आणि जामिनाच्या अटींमधल्या ३०० शब्दांच्या निबंधावर देशभर मीम्स झाले. संताप रास्तच होता. त्या मीम्समध्ये मात्र आणखी एक गृहीतक होतं, की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिकवणं हाच मुळात विनोद आहे. तसं असेल तर कलम १८५ पुरेसं आहे: १० हजारांचा दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सातव्या महिन्यात तोच माणूस, तोच बार, तीच किल्ली.

मला ते पटत नाही, म्हणून त्या ‘दुसऱ्या संस्थे’ची खिडकी महत्त्वाची वाटते. तिथे मुक्तांगणसारख्या ठिकाणचा माणूस उभा राहू शकतो. त्याच कलमात असंही आहे, की जप्त झालेलं लायसन्स कोर्स ‘यशस्वीपणे’ पूर्ण केल्यावरच परत मिळेल. फी घेणाऱ्यानेच तो शब्द लिहून द्यायचा असेल, तर नापास कोण करणार?