नीयत कोणाची?

नमाजच्या मसल्यांत मुसाफिराचे प्रकरण लहानसे असते. घरी राहणारा माणूस ते सहसा उघडतही नाही. हनफी रिवाजात एका मुक्कामी पंधरा दिवस किंवा जास्त राहायचे मनात धरले, की माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो; चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत संपते. कोकणातल्या आपल्या शाफई मंडळींत हीच मुदत येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची. दोन्हीकडे विशेष हे, की घर भाड्याचे की मालकीचे, सामान किती आणले, असे कोणी विचारत नाही. मनात काय धरले आहे, एवढेच विचारले जाते. मात्र त्याच प्रकरणात जुन्या हनफी फकीहांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: बायकोची नीयत नवऱ्याच्या नीयतीमागून चालते. शिपायाची सरदारामागून, नोकराची मालकामागून, तशी. मुक्काम हलवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची नीयत खरी.

2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिसला गेलो, तेव्हा हा मसला उलटा झाला. एका विद्यापीठाने दहा महिने शिकवायला बोलावले होते ते आमच्यातल्या बायकोला. आमच्यातला नवरा सोलापूरच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन सोबत गेला. (हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही'. वाचकांनी यात मोठेपणा पाहू नये.) तिचा व्हिसा जे-वन, त्याचा जे-टू. तिची मुदत संपली की त्याची आपोआप संपते. त्याला काम करायचे असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. अट एवढीच, की ती कमाई तिच्या उदरनिर्वाहासाठी लागता कामा नये. म्हणजे गरज नसेल तर खुशाल कमवा! सरकारी पैशावर आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाला पुढे ग्रीन कार्ड हवे असेल तर आधी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, आणि सोबतच्या जोडीदारालाही तेच बंधन लागते. जुने फकीह आणि आजचा वकिलातीतला अधिकारी यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे, पण हिशेब एकच: एका घरात एकच नीयत मोजायची.

मग ज्याची नीयत मोजली जात नाही, त्याचे दुसऱ्यावर काही देणे लागते का? आपल्याकडे याला त्याग म्हणतात, आणि देणे कृतज्ञतेने फिटते असे समजतात. आम्हाला तो हिशेब तिथे राहिल्यावर पटेनासा झाला. कारण परमुलुखात वस्ती करण्याचे खरे काम पाहुणा प्राध्यापक करतच नाही. त्याला आठवड्यात ओळखपत्र मिळते, खोली मिळते, दारावर नावाची पाटी लागते, विद्यार्थी मिळतात. तो एका तयार जागेत जाऊन बसतो. गावाशी गाठ पडते ती दुसऱ्याची. त्याच्या नावाचा पहिला कागद म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड, आणि तेही घराच्या करारात दोघांची नावे आग्रहाने घालून घेतली होती म्हणून. बसचे रस्ते, कचऱ्याचे वार, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंची तब्येत, हे सगळे त्याला ठाऊक होते, तिला नव्हते. मेजवान्यांत मात्र तिला विषय विचारत आणि त्याला, "मग तुम्ही दिवसभर काय करता?" प्रश्न सौजन्याचाच असे. उत्तर ऐकायला फारसे कोणी थांबत नसे.

उत्तर ऐकून घेतले ते एका सोमाली दुकानदाराने. 1990 च्या दशकातल्या यादवीनंतर हजारो सोमाली कुटुंबे मिनेसोटात आली. बकऱ्याचे मटण, चहा, बोलण्यात 'इन्शाअल्ला', सगळे ओळखीचे वाटावे असे. शहराच्या नगरपरिषदेने एप्रिल 2023 मध्ये पाचही वेळची अजान भोंग्यावरून द्यायला मोकळीक दिली होती. दुकानदाराने विचारले, किती दिवस? दहा महिने म्हटल्यावर तो हसला. तो स्वतः दोन वर्षांसाठी म्हणून आला होता. आता नातवंडे तिथे शाळेत जातात. परतीचे तिकीट खिशात असलेल्याने आपल्या एकटेपणाचे फार कौतुक करू नये, हे आम्ही त्या दुकानात शिकलो. तरीही त्याच्यापुढे आमचा प्रश्न विरघळला नाही. त्याच्या बायकोला निघताना कोणी विचारले होते, हे आम्हाला कळले नाही. विचारणे बरेही दिसले नसते.

इथे इब्न बतूताची आठवण येते. पाहुण्या विद्वानांचा तो बादशहाच. मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत तो काझी झाला. परदेशी लोकांना 'परके' न म्हणता 'अझीझ' म्हणावे असा सुलतानाचा हुकूम होता, हे त्यानेच नोंदवले आहे. पुढे मालदीव बेटांवरही तो काझी झाला, तिथे लग्ने केली, आणि निघताना तलाक दिले. त्याला छचोर म्हणणे सोपे आहे. पण त्याने आणखी एक नोंद केली आहे: त्या बेटांवरच्या बायका आपला मुलूख कधी सोडत नाहीत. काझी कितीही मोठा असो, गलबत त्याच्या नीयतीने हलले. त्या बायका हलल्या नाहीत.

फेब्रुवारीत विभागाने विचारले, डिसेंबरपर्यंत आणखी थांबाल का? तिला थांबायचे होते. त्याची रजा संपत होती, आणि सोलापुरात अम्मीचे वय झालेले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." तो म्हणाला, "काम तुझं आहे, तू ठरव." दोन्ही वाक्ये ऐकायला गोड. आमच्या मते मात्र अशी वाक्ये म्हणजे उपकाराची आगाऊ पावती असते: पुढे काही बिघडले तर ठरवणारा दुसराच. आठवडाभर हेच चालले. मार्चच्या शेवटी, रमजानमध्ये, बर्फ पडले. त्या हिवाळ्यात ते फारच कमी पडले होते, बूट कोरेच होते. त्या रात्री इफ्तारनंतर असे ठरवले, की आधी दोघांनी आपापली इच्छा सांगायची, दुसऱ्याची सोय मध्ये न आणता. ती म्हणाली, मला राहायचे आहे. तो म्हणाला, मला परत जायचे आहे. दोन्ही इच्छा एका घरात मावत नव्हत्या, आणि तसे पाहिले तर मावायलाच हव्यात असे कोणी सांगितले होते?

तो मे 2024 मध्ये परतला, ती डिसेंबरपर्यंत राहिली. कोकणातल्या कितीतरी घरांत पुरुष बोटीवर किंवा आखातात आणि बाई घरी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्याला कोणी जुदाई म्हटले नाही, रोजगार म्हटले. सोलापुरात मात्र जो भेटला त्याने विचारले, "बायकोला तिथं सोडून आलास?" सोडून आलो नाही, ती राहिली, असे त्याने सांगितले की समोरच्याला व्याकरणाची चूक झाल्यासारखी वाटे. तिकडे घराच्या करारावर आता तिचे एकटीचे नाव होते, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात तिला थांबवून त्याची खबर विचारत होत्या.