उपाशी कुणी यायचं?

रक्त तपासायचं ठरलं की आदल्या रात्रीच घरात सांगून होतं, सकाळी काही खायचं नाही. तपासणी कोणती, हे फारसं कुणी विचारत नाही. हिमोग्लोबिन असो की थायरॉईड, माणूस अनशापोटीच घराबाहेर पडतो. खरं तर या दोन्हींना उपाशी राहावं लागत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीलाही लागत नाही.

फास्टिंग शुगरचं वेगळं आहे. तिथे किमान ८ तास पोटात पाण्याशिवाय काही नको, कारण १०० आणि १२६ या सीमारेषा उपाशीपोटीच्या साखरेवरच आखलेल्या आहेत. अर्धा कप गोड चहा पोटात गेला तरी आलेला आकडा त्यांच्याशी ताडता येत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी मात्र १२ तासांचा उपास आपण सवयीने चालवत आलो आहोत. एलडीएल कोलेस्टेरॉल थेट न मोजता इतर आकड्यांवरून काढायचं १९७२ सालचं सूत्र आहे. त्यात ट्रायग्लिसराइड लागतं आणि ते जेवणानंतर वाढतं, म्हणून उपासाचा आग्रह. पण नेहमीच्या जेवणाने पडणारा फरक तपासून पाहिला, तेव्हा ट्रायग्लिसराइड सरासरी फार तर २६ मिलिग्रॅमने वाढलेलं आणि एलडीएल ८ ने उतरलेलं दिसलं. डेन्मार्कने २००९ पासूनच उपाशीपोटीची अट सोडली होती. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे तेच सुचवलं. ट्रायग्लिसराइड फारच चढलेलं, म्हणजे ४४० च्या पुढे आढळलं, तर उपाशीपोटी पुन्हा तपासावं, एवढंच. आणि दिवसाचा बहुतेक वेळ आपण काहीतरी खाल्लेल्या पोटानेच वावरतो. रक्तवाहिन्यांतून वाहतं ते तेव्हाचं रक्त.

हे मी आग्रहाने लिहिते, कारण नको असलेल्या उपासाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. तालुक्याच्या लॅबबाहेर सकाळी बाकावर बसलेल्या आजी बघा. पहाटेच्या एसटीने आलेल्या, मांडीवरच्या पिशवीत फाईल, गोळ्यांची पाकिटं आणि ‘रक्त दिल्यावर खा’ म्हणून सुनेने दिलेला बिस्किटपुडा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि इन्सुलिनचा असर रात्रभर टिकतो. रांग लांबली आणि साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापू लागतात. पुडा हाताशी असूनही त्या तो फोडत नाहीत, कारण ‘खायचं नाही’ असं सांगितलेलं असतं.

आपल्या देशात या अडचणीवर एका ठिकाणी फार चांगली वाट काढली गेली आहे. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी उपाशी बोलावलं तर दूरच्या वाडीवरची बाई परत येईलच याची खात्री नसते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत ती जेवून आली आहे की नाही याला महत्त्वच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ५-१० मिनिटांत प्यायला द्यायचं आणि २ तासांनी साखर मोजायची. १४० किंवा त्याहून जास्त आली, तर उपचार सुरू. केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच तपासणी घेतली. उपाशीपोटीच्या पद्धतीइतकी ती काटेकोर नाही, असा आक्षेप काही तज्ज्ञ घेतात, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. तरीही मला वाटतं, आलेल्या बाईची तपासणी त्याच दिवशी होऊन जाणं अधिक मोलाचं आहे.

चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना तिथेच विचारावं, यातल्या कशासाठी उपाशी यायचं, आणि त्या सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं. उपाशी यायचंच असेल, तर मधुमेह्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी लॅबमध्ये पहिला नंबर मागून घ्यावा. घाम किंवा थरथर सुरू झाली, तर तपासणी राहू द्यावी आणि लगेच साखर तोंडात टाकावी. रक्त उद्याही देता येतं.