ड्रॅगन उडतो कसा?

एवढं अवजड धूड हवेत उडतं कसं, आणि आग ओकताना त्याचं तोंड कसं भाजत नाही? ड्रॅगन पाहिला की मुलं हे विचारणारच. ‘गोष्टीत असंच असतं’ म्हणून आपण वेळ मारून नेतो. १९८२ चा ‘द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स’ हा अ‍ॅनिमेशनपट तशी वेळ मारून नेत नाही. घरातल्या लहानथोरांनी तो एकत्र पाहावा असं मला वाटतं ते यासाठीच.

आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांचा हा चित्रपट. अ‍ॅनिमेशन जपानच्या टॉपक्राफ्टचं; मियाझाकींचा ‘नॉसिका’ही पुढे याच स्टुडिओत तयार झाला. ड्रॅगन खरोखर असते तर त्यांचं शरीर कसं चाललं असतं, याचा विचार पीटर डिकिन्सन यांनी १९७९ च्या पुस्तकात केला होता. चित्रपटानं तो विचार तिथूनच घेतला, आणि नायकाला नावही त्यांचंच दिलं आहे.

चित्रपटाच्या जगात माणसाचं विज्ञान वाढतंय, तशी जादू ओसरते आहे. कॅरोलिनस या जादूगाराला तिच्यासाठी एक सुरक्षित कोपरा राखायचा आहे. त्याचा भाऊ ओमाडॉन मात्र माणसाच्या मनात भीती आणि हाव पेरून त्याच्याच विज्ञानानं त्याचा नाश करायला निघाला आहे. जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात ही धमकी आजही अंगावर येते. ती पोकळ नाही, हे मोठ्यांना लगेच कळतं.

ओमाडॉनला रोखण्यासाठी विसाव्या शतकातून बोलावून घेतलेला पीटर एका ड्रॅगनच्या शरीरात अडकतो आणि स्मर्गॉल हा म्हातारा ड्रॅगन त्याला शिकवायला घेतो. चुनखडी खायची, पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन तयार होतो, त्यानं अंग हलकं होतं. खाली यायचं तर तो वायू पेटवून बाहेर टाकायचा. म्हणजे आग हे शस्त्र नंतर, आधी ती उतरण्याची सोय! (खरं तर चुनखडी आणि आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघतो. शाळेत हे शिकलेलं मूल ही चूक पकडेल, आणि ते ती पकडण्याइतकं रमलं, हीच मोठी गोष्ट.) कारण कळल्यानं इथला ड्रॅगन जराही लहान होत नाही. उलट आता तो खरा वाटू लागतो.

म्हणूनच शेवट मला खटकतो. पीटर विज्ञानाची सूत्रं उच्चारून, जादू नाकारून ओमाडॉनला हरवतो; पण नाकारल्यामुळेच त्या जगात त्याला जागा उरत नाही. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे स्मर्गॉलनं आधीच दाखवलेलं असताना ही फारकत कशाला? तरीही हा शेवट गुळगुळीत केला नाही, याबद्दल मला या चित्रपटाचा आदर वाटतो. पीटर जिंकला तर तिथे का राहू शकत नाही, हा प्रश्न मूल विचारेलच. आणि त्याचं सोपं उत्तर आईबाबांकडेही नसेल.