गुणग्रहण आणि सहकार्य : विनोबांच्या विचारातील एक प्रश्न

माणसात आणि समाजात बदल घडवायचा तो दोषांवर बोट ठेवून की गुणांना हाताशी धरून, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. साधनेच्या अनेक परंपरा दोषनिवारणापासून सुरुवात करतात. काम, क्रोध, लोभ आदी षड्रिपू आवरले की चित्त शुद्ध होते आणि पुढची वाट मोकळी होते, असा त्यांचा क्रम असतो. विनोबा भावे (१८९५-१९८२) यांनी आत्मशुद्धीचे महत्त्व कधीच कमी लेखले नाही; पण माणसे एकत्र येऊन काही उभे करतात ते एकमेकांच्या गुणांच्या आधारावर, ही बाजू त्यांनी आग्रहाने मांडली. दुसऱ्यातील आणि स्वतःतील चांगुलपणा हेरून त्यालाच कामाला लावण्याच्या या वृत्तीला गुणग्रहण म्हणता येईल. ही वृत्ती म्हणजे भाबडेपणा आहे की विचारपूर्वक पत्करलेली शिस्त, हे तिच्या तात्त्विक आधारावर आणि व्यवहारातील कसोटीवर ठरते.

या वृत्तीचा एक आधार गीतेतील स्वधर्माच्या कल्पनेत सापडतो. स्वधर्म म्हणजे आपली प्रकृती, परिस्थिती आणि आपल्या वाट्याला आलेली सेवा यांतून ठरणारे कर्तव्य. परक्याचा धर्म कितीही उत्तम रीतीने आचरता आला तरी आपला उणापुरा धर्मच श्रेयस्कर, असे गीता तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन अध्यायांत सांगते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती बोलण्याच्या ओघातच टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. एकाकडे विचाराची स्पष्टता होती, दुसऱ्याकडे ऐकलेला शब्द त्याच्या भावासकट कागदावर उतरवणारी लेखणी होती, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखे होण्याच्या खटाटोपात पडला नाही, म्हणून हे काम तडीस गेले.

परंतु दुसऱ्याचे गुण मोठे करून पाहणे हे सत्याशी सुसंगत आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. विनोबांनी सांगितलेल्या आठवणीनुसार हीच शंका त्यांनी गांधीजींना विचारली होती. गांधीजींचे उत्तर नकाशाच्या प्रमाणमापाचे होते : नकाशावरील अंतर खऱ्या अंतराइतके करून घ्यायचे तर त्याला ठराविक पटीने वाढवावे लागते, तसेच दुसऱ्याचा गुण आपल्या नजरेला मुळातच लहान दिसत असल्याने तो वाढवून पाहिला तरच खऱ्या मापाच्या जवळ जातो. म्हणजे गुणग्रहण हे सत्याला मुरड घालणे नसून अहंकाराने बिघडवलेले माप दुरुस्त करणे ठरते. विनोबा याही पुढे गेले. दोष देहाचे, गुण आत्म्याचे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे स्वतःतील गुण नाकारणे हाही त्यांना सत्याचा अपलाप वाटे. आपल्यातील गुण ही ईश्वराची देणगी असल्याने तिचा गर्व करण्याचे कारण नाही आणि ती लपवण्याचेही नाही.

गर्वाचा धोका मात्र खराच आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची, म्हणजे मनुष्याला मोक्षाकडे नेणाऱ्या सव्वीस गुणांची, गणना आहे. तिच्या आरंभी अभय आहे आणि शेवटी नम्रता. विनोबांनी या क्रमाला सैन्यरचनेचा अर्थ दिला : आघाडीवर अभय नसेल तर बाकीचे गुण पुढे सरकतच नाहीत, आणि पिछाडीला नम्रता नसेल तर मिळवलेला विजयच मागून हल्ला करतो. सहकार्याच्या दृष्टीने हे विवेचन महत्त्वाचे आहे, कारण ज्याला आपल्या सामर्थ्याची जाण नाही तो पुढाकार घेत नाही आणि ज्याला फक्त तेवढीच जाण आहे तो सोबत्यांना टिकू देत नाही.

या विचारावरील सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे. ज्याचा त्याचा गुण आणि ज्याचे त्याचे काम या भाषेनेच चातुर्वर्ण्याला तात्त्विक आवरण पुरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, लाहोरच्या सभेसाठी लिहिलेल्या पण तेथे होऊ न शकलेल्या भाषणात या युक्तिवादाची चिरफाड केली. जातीने कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच उतरंडीने परस्परांपासून तोडून टाकली. शिवाय माणसांच्या अंगी असलेले नानाविध गुण चार कप्प्यांत कोंबता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपाला बगल देऊन गुणग्रहणाची थोरवी गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुण जन्मावरून ठरवला आणि तो बदलण्याची वा वाढवण्याची मुभा काढून घेतली, की गुणग्रहणाचे रूपांतर दडपणुकीत होते. गुण ओळखण्याचा आणि आपले काम निवडण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती असणे, ही म्हणूनच या तत्त्वाची पूर्वअट आहे.

भूदान ही या विचाराची प्रत्यक्षातील कसोटी होती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमिनीची मागणी केली. जमिनीच्या प्रश्नावर सशस्त्र संघर्ष पेटलेल्या त्या मुलखात विनोबांनी सभेतच गावकऱ्यांना विचारले, तेव्हा रामचंद्र रेड्डी या जमीनमालकाने शंभर एकर देऊ केले. मालकाच्या लोभाला धाक न दाखवता त्याच्या औदार्याला साद घालण्याची ही रीत पुढे देशभर गेली. जमीन नसलेल्यांनाही वाटा उचलता यावा म्हणून श्रमदान, संपत्तिदान, बुद्धिदान असे प्रकार तिला जोडले गेले, आणि देणारा तो श्रीमंतच असतो हा समज त्यामुळे मोडला. तरीही दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक वा वादग्रस्त निघाली आणि तिचे वाटप रखडले. औदार्य जागे करता येते. त्याला कायदा, नोंदी आणि पाठपुराव्याची जोड नसेल तर ते गरजूच्या शेतापर्यंत पोचत नाही, हा धडा या चळवळीने दिला.

तेव्हा गुणग्रहण हा न्यायाला पर्याय नव्हे. पण न्यायासाठी झटणाऱ्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे सामर्थ्य त्यात निश्चित आहे. जी संस्था वा चळवळ सभासदांच्या उणिवांची मोजदाद करण्यातच गुंतते ती लवकर फुटते, आणि जी अन्यायाकडे डोळेझाक करून गोडवे गाते ती पोकळ होते. गुण पाहण्याची नजर आणि अन्यायाला नाव घेऊन विरोध करण्याचे धैर्य ही दोन्ही एकाच कार्यकर्त्याच्या अंगी बाणवावी लागतात. त्यांपैकी एकावर भागत नाही.